मिठाची खेप

लिनआनच्या पश्चिम वेशीबाहेरच्या विहिरीचं पाणी गोड, आणि त्या पाण्याच्या टोफूला चीनच्या सबंध युनान प्रांतात तोड नाही, असं तान काकूंचं म्हणणं होतं. ते त्यांच्या तोंडावर खोडून काढायची कोणाची छाती नव्हती. विहिरीपासून हाकेच्या अंतरावर त्या रोज सकाळी निखारे फुलवून बसायच्या. जाळीवर टोफूचे तुकडे टम्म फुगले की भाजक्या मिरचीच्या भुकटीत घोळवून गिऱ्हाइकापुढे सरकवायचे, आणि तोंडाचा पट्टा मात्र अखंड चालू.

रुइलान लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला पहिलं नवल वाटलं ते दोन शेगड्यांचं. एकीच्या जाळीला डुकराची चरबी चोपडलेली असायची. दुसरी जरा लांब, भिंतीकडेला, आणि तिला फक्त मोहरीचं तेल. चिमटाही वेगळा, मिरचीची वाटीही वेगळी.

"आत्याबाई, ही दुसरी कशाला?" तिने सासूला विचारलं.

"तांडेवाल्या मुसलमानांना. त्यांना चरबी चालत नाही."

"पण येतात किती जण?"

"येतात थोडे. म्हणून काय माझ्या दारावरून उपाशी जायचं त्यांनी?"

मुसलमानांचं बंड मोडून कितीतरी वर्षं झाली होती, पण त्या लढाईत दोन्हीकडची इतकी माणसं मेली होती, की लिनआनात अजूनही खेचरांचा मुसलमान तांडा आला की दुकानदार फळ्या लावून घ्यायचे. तान काकूंनी मात्र लढाई संपल्याच्या दुसऱ्याच वर्षी ही वेगळी शेगडी मांडली होती. शेजारणींनी नावं ठेवली. काकूंनी त्यांना टोफू उधार देणं बंद केलं, आणि नावं ठेवणं आपोआप थांबलं.

त्या शेगडीचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे मा रुलिन. तोंगहाय तळ्याकाठच्या एका खेड्यातला हा माणूस पहिल्यांदा आला तेव्हा दुसऱ्याच्या तांड्यात खेचरं हाकत होता. रुइलानने त्याला पाहिलं तोवर तो स्वतः नायक झाला होता. आडव्या बांध्याचा, उन्हाने रापलेला, आणि चेष्टेखोर.

"काकू, तुमची सून तुमच्यापेक्षा चांगला भाजते."

"मग तिलाच पैसे दे मेल्या, आणि मिरचीही तिच्याचकडून माग."

तान घराचं खरं उत्पन्न मात्र टोफूचं नव्हतं. ते होतं मातीचं. गावाच्या उत्तरेला कुंभारवाडीत पिढ्यान्‌पिढ्या जांभळ्या मातीची भांडी होत, आणि त्या काळात कुंभारवाडी जगत होती ती अफूच्या नळीला बसवायच्या वाट्यांवर. वाटी म्हणायची एवढंच. आकार चपट्या कांद्यासारखा, वरून बंद, मधोमध सुई जाईल एवढं भोक. त्या भोकावर शिजवलेल्या अफूची गोळी चिकटवून ती दिव्याच्या ज्योतीवर धरायची आणि नळीतून ओढायची. रुइलानचा नवरा वेनयाव याच्यासारखी पातळ, एकसारख्या जाडीची वाटी कुंभारवाडीत दुसरा कोणी करत नव्हता. ओल्या मातीवर तो प्लमची डहाळी कोरायचा, त्यात पांढरी माती भरायचा. भाजून आली की ती वाटी घोटायची रुइलान, नदीतल्या गुळगुळीत गोट्याने, आपलं तोंड तिच्यात दिसेपर्यंत. काम तिला मनापासून आवडायचं. ती वाटी पुढे कोणाच्या उशाशी जाते, याचा तिने कधी विचार केला नव्हता. पेलेवाला कुठे विचार करतो त्यात कोण काय पितं म्हणून?

आणि विचार करायचा तरी कोणी? तिच्या लहानपणी डोंगरउतारावर वाल आणि गहू असायचा. आता माघ सरता सरता तेच उतार पांढऱ्या-जांभळ्या अफूच्या फुलांनी भरून जायचे. बोंडांना चिरा पाडायच्या दिवसांत पुजारी असो की न्हावी, सगळं गाव शेतात. पाहुणा आला की चहाच्या आधी दिवा लावून नळी पुढे करायची, नाही केली तर यजमान कंजूष ठरायचा. लग्न ठरवताना विचारायचे, मुलगा किती ओढतो? ओढतो का, असं कोणी विचारत नसे. ओझी वाहणारे ओढत, पालखी उचलणारे ओढत, कचेरीतले कारकून ओढत, आणि दात दुखणाऱ्या म्हाताऱ्याही ओढत. तांड्यांवर तांडे ती अफू खाली मंगत्झच्या पेठेत नेत. तिथून ती होड्यांत चढून कुठे कुठे जाई, देव जाणे.

मा रुलिनचा तांडाही तेच वाहायचा.

वेनयाव ओढत नव्हता. त्याला वेड मातीचं. पण मंगत्झचा व्यापारी लुओ शेठ त्याच्या वाट्यांचं मोठं गिऱ्हाईक होता आणि त्याची एक अट होती. "वाटी दिसते कशी ते मला कळतं," तो म्हणायचा, "पण ओढते कशी ते करणाऱ्याला कळायला हवं. तू दम घेतल्याशिवाय मी माल उचलणार नाही." मग वाडीतच दिवा लागायचा, आणि दर खेपेला वेनयाव दोन-चार वाट्या ओढून पाहायचा. भोक मोठं झालं तर गोळी आत पडते, बारीक झालं तर दम कोंडतो. हे खरंच त्याला कळू लागलं, आणि वाट्या आणखी सुरेख होऊ लागल्या. लुओ शेठ खूश झाला. पुढे तर तो थोडी मजुरी रोख द्यायचा आणि थोडी अफूत. तेव्हा सगळेच तसं करायचे.

पाचसहा वर्षांत वेनयाव दुपारी उठू लागला.

आधी त्याची पाठ दुखायची म्हणून. मग पाऊस होता म्हणून. मग कारणं सांगायचीही त्याने सोडून दिली. चाकावर बसला की नाक गळायचं, जांभयांवर जांभया यायच्या, आणि पहिला दम घेतल्याशिवाय हात स्थिर होईनात. वाट्यांची एक बाजू जाड येऊ लागली. रुइलान घोटता घोटता बोटांनी ते ओळखायची आणि काही बोलायची नाही. तान काकू मात्र बोलायच्या.

"तुझा बाप मेला तेव्हा पण एवढा झोपला नव्हता रे!"

वेनयाव कूस बदलायचा.

त्याला सुटावंसं वाटत नव्हतं असं नाही. दोनदा त्याने स्वतःहून नळी फोडली. बाजारात 'अफू सोडवणाऱ्या गोळ्या' मिळायच्या, लाल कागदात बांधलेल्या, वर सारसाचं चित्र. रुइलानने माहेरचं कापड विकून त्या आणल्या. गोळ्यांनी खरंच तल्लफ यायची थांबली. तिने आनंदाने देवळात उदबत्ती लावली. महिनाभराने वेनयाव नळीशिवाय राहू शकत होता, पण गोळ्यांशिवाय घटकाभर राहीना. मा रुलिनने एक गोळी बोटांत चुरून नाकाशी धरली आणि तोंड वाकडं केलं.

"वहिनी, ही तीच आहे. फक्त कपडे बदललेत."

रुइलान जाळीवरचे तुकडे उलटायचे विसरली. निखाऱ्यांवरचा टोफू जळायला लागला तेव्हा काकूंनी मुकाट्याने चिमटा तिच्या हातून घेतला. रुलिनने बोटांवरचा चुरा झटकून टाकला. मग म्हणाला,

"काकू, याला माझ्याबरोबर पाठवा."

"कुठे?"

"मोहेइच्या खाणीवर. मीठ आणायचं आहे. जायला-यायला दोन महिने लागतील. माझ्या तांड्यात कोणी ओढत नाही. जो ओढतो त्याला मी ठेवत नाही."

"तो मंगत्झपर्यंत चालायचा नाही, मोहेइचं काय घेऊन बसलास."

"चालायचा नाही तर खेचरावर टाकू. मिठापेक्षा हलका आहे तो आता."

वेनयावने ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. "वाटेत मरेन मी," तो म्हणाला. काकू रडल्या, त्याने ऐकलं नाही. रुइलानने पाय धरले, ऐकलं नाही. रुलिन आणखी दोन दिवस थांबणार होता, मग निघणार होता.

दुसऱ्या दिवशी वेनयाव उठला तेव्हा ऊन अंगणात चांगलं वर आलं होतं. त्यांची छुनी, चार वर्षांची, अंगणात चटईवर आडवी पडली होती. एका कुशीवर, गुडघे पोटाशी. हातात जेवायची एक काडी होती, तिचं टोक तोंडात धरून ती डोळे अर्धवट मिटून हवा ओढत होती. शेजारी बाहुली झोपवलेली. "थांब गं," ती बाहुलीला म्हणाली, "आई टोफू विकून येईल. मला आत्ता उठवत नाही." आवाज हुबेहूब बापाचा.

वेनयाव दारात उभा राहून पाहत राहिला. रुइलान विहिरीवरून येत होती, तिने दोघांनाही पाहिलं. तिला वाटलं आता हा पोरीवर ओरडेल. त्याने खाली वाकून पोरीच्या हातातली काडी अलगद काढून घेतली, तिला उचललं आणि रुइलानच्या हातात दिलं. मग पायात चपला सरकवून तो सरळ वेशीकडे चालू लागला, अंगरखासुद्धा न घेता. रुइलान तो घेऊन मागे धावली.

त्या प्रवासात काय झालं ते वेनयावने तिला एका दमात कधीच सांगितलं नाही. वर्षानुवर्षं, माती तुडवताना, जेवताना, एकेक तुकडा बाहेर यायचा, आणि रुइलानने ते जोडून घेतलं.

शिपिंग गाव गाठेपर्यंत त्याला खेचरावर बांधून न्यावं लागलं. ओकाऱ्या, जुलाब, हाडं कोणी दगडावर कुटतंय अशा वेदना. तांड्यातली माणसं वैतागली. एक जण म्हणाला, "नायक, हे मढं आपण कशाला वाहतोय?" रुलिन म्हणाला, "तुझी आई आहे का टोफूवाली? नाही ना? मग गप बस." त्याची घाण रुलिन स्वतः धुवायचा. ओढ्यावर नेऊन लहान पोरासारखं त्याला पाण्यात बसवायचा. वर त्याची टरही उडवायचा. "कुंभारा, तुला कच्चाच भट्टीतून काढला वाटतं."

युआनच्यांगच्या दरीत उतरल्यावर उकाड्याने खेचरंही माना टाकत होती. तिथे वेनयावला पहिल्यांदा भूक लागली. तांड्यातली मोठी हंडी सगळ्यांची एक, तिच्यात भात आणि वाळवलेल्या गोमांसाचे तुकडे. नमाज होईपर्यंत कोणी हंडीला हात लावायचं नाही. वेनयाव वाडगा धरून मागे बसून राहिला, आणि नमाज कधी एकदा संपतो असं त्याला झालं. "त्या भाताची चव," तो रुइलानला म्हणाला होता, "तुझ्या हातच्या भाताला नाही. रागावू नकोस."

"नाही रागावत," रुइलान म्हणाली होती. तिला खरंच राग आला नव्हता.

मग मोच्यांगचा बाजार. तिथे दर चार दारांआड अड्डा. वेनयाव माणसांच्या गर्दीत सटकला आणि एकात शिरला. अंगरखा गहाण टाकून त्याने दम घेतले. बाहेर आला तो उंबऱ्याशेजारी रुलिन उकिडवा बसून भाजलेल्या शेंगा सोलत होता.

"झालं? चल. खेचरं खोळंबलीत."

एक शब्द जास्त नाही. शेंगा त्याने पुढे केल्या. वेनयाव म्हणायचा, त्याने तेव्हा मला थोबाडीत मारली असती तर मी तिथूनच पळालो असतो. परतीच्या वाटेवर तोच बाजार पुन्हा लागला. रुलिनने त्याला मुद्दाम एकट्याला दोरखंड आणायला पाठवलं. वेनयाव दोरखंड घेऊन आला. फक्त दोरखंड. "घामाने सदरा पिळून निघाला होता," तो सांगायचा, "आणि मा दादाने दोर पाहून काय म्हणावं? जाड आणलास, म्हणे. बदलून आण. परत पाठवलं मला त्याच गल्लीत!"

तांडा परत आला त्या दिवशी रुइलान शेगडीवर होती. एक काळा, हडकुळा माणूस येऊन मुसलमानांच्या बाकावर बसला आणि म्हणाला, "टोफू." तिने जाळीवर तुकडे टाकले. मग वर पाहिलं.

काकूंनी रडून गोंधळ घातला. छुनी ओळखीना, आजीच्या मागे लपली. वेनयाव खात राहिला, खात राहिला, आणि शेवटी काकूच ओरडल्या, "अरे गिऱ्हाइकांना ठेव काही!"

तांड्यातला एक जण, तोच कुरकुर करणारा, शेजारी बसला होता. मानेवरची सोललेली कातडी चोळत तो रुइलानला म्हणाला, "वहिनी, तुमच्या नवऱ्यापायी आम्ही या खेपेला मीठ वाहिलं. अफूची खेप ठरलेली होती, मंगत्झची. नायकाने दुसऱ्याला देऊन टाकली. तिच्यात निम्मे दिवस आणि दुप्पट मजुरी. का, तर म्हणे अफूच्या गोणीशेजारी या माणसाला झोपवायचं कसं?"

रुइलानने रुलिनकडे पाहिलं. तो खेचराचा खूर उचलून नाल तपासत होता, ऐकलंच नाही असं दाखवत.

ती उठून त्याच्यासमोर गेली आणि गुडघे टेकायला लागली. रुलिन दचकून मागे सरला.

"अहो वहिनी, उठा, उठा! खेचर बुजेल!"

"दादा, मी काय देऊ तुम्हाला?"

"काही नको. काकूंनी मला पहिल्यांदा टोफू दिला तेव्हा या गावात मी सकाळपासून चार दुकानांत विचारलं होतं. कोणी पाणीही दिलं नाही. काकूंनी विचारलं, चरबी चालते का रे तुला? मी नाही म्हटलं. तर घरात गेल्या, नवी जाळी घेऊन आल्या." त्याने खेचराची मान थोपटली. "भूक काय हो, भागते कुठेही. पण विचारलं त्यांनी."

घर लगेच मार्गी लागलं असं मात्र झालं नाही. वेनयाव म्हणाला, वाट्या करणार नाही. लुओ शेठ आला, चहा प्यायला, हसला.

"अरे, तू ओढू नकोस. तुला कोण ओढ म्हणतंय? तू फक्त कर."

"करायची तर ओढून बघावी लागते. अट तुमचीच होती, शेठ."

"ती अट मी सोडतो."

"मला नाही सोडता येत," वेनयाव म्हणाला.

रुइलानला आतून वाटत होतं, घे काम, घरात तांदूळ नाहीत. ती चहाचे पेले उचलून आत गेली. त्या वर्षी टोफूवर घर चाललं. वेनयाव वाफेची भांडी करू लागला. झाकणाचं बसकं भांडं, मधोमध उभी पोकळ नळी. उकळत्या पाण्यावर ठेवलं की नळीतून वाफ चढते आणि पाण्याचा थेंब न घालता कोंबडी आपल्याच रसात शिजते. भांडं जुनंच, लिनआनात पूर्वापार चालत आलेलं. पण वाट्यांच्या तेजीत ते करायचं कोणी मनावर घेत नव्हतं. अफू ओढणाऱ्याला भूक कुठे असते, मग भांडी घेणार कोण? महिन्यात दोन विकली गेली तर खूप. भिंतीकडेला भांड्यांची उतरंड वाढत चालली आणि काकू टोमणे मारू लागल्या, "कोंबडीपेक्षा भांडी जास्त झाली घरात."

आणि दुसऱ्या हिवाळ्यात तो पुन्हा ओढून आला. मित्राच्या बापाच्या मर्तिकाला गेला होता. रुइलानला उंबऱ्यातच वास आला. ती आत वळून चूल पेटवू लागली. पण या खेपेला तिला कोणाचे पाय धरावे लागले नाहीत. आठवडाभराने वेनयाव स्वतः वेशीवर जाऊन येणाऱ्या तांड्यांना विचारत बसला, मा नायक कुठवर आलाय? रुलिन आला. त्याने पाहिलं, मान हलवली. "या वेळी खेचरावर नाही बांधणार हां. चालायचं." दोघं गेले, परत आले. त्यानंतर वेनयावने नळीला हात लावला नाही. निदान रुइलानला कधी वास आला नाही, आणि तिचं नाक तिखट होतं.

एक गोष्ट तिला सलत राहिली. त्यानंतरच्या वसंतात रुलिनचा तांडा वेशीवर उतरला होता. ती त्याच्यासाठी तेलातल्या पोळ्या घेऊन गेली. खेचरांच्या पाठीवर तेलकागदात गुंडाळलेले गोळे बांधलेले होते. वास ओळखायला वेळ लागला नाही.

"दादा, यात तेच आहे?"

"तेच."

"मंगत्झला?"

"मंगत्झला."

ती पोळ्यांचं फडकं हातात धरून उभी राहिली. रुलिनने मान खाली घातली नाही आणि तो हसलाही नाही. "वहिनी, मीठ वाहून माझी खेचरं पोसता येत नाहीत. दरसाल नाही. तुमच्या घरातल्याला मी ओढून काढला. दुसरीकडे जाऊन कोणाकोणाला ढकलतो ते मला माहीत आहे. तुम्हाला पोळ्या परत न्यायच्या तर न्या."

रुइलानला राग आला. खूप आला. तिच्या डोळ्यांपुढे आपण घोटलेल्या वाट्या आल्या, टोपल्याच्या टोपल्या, तोंड दिसेल इतक्या चकचकीत. मग तिने फडकं त्याच्या हातात दिलं.

"गरम आहेत तोवर खा," ती म्हणाली.

घरी येताना तिच्या मनात दोन्ही गोष्टी होत्या आणि एकीने दुसरी खोडली जात नव्हती. पुढेही कधी खोडली गेली नाही. ती त्याला मनोमन दुवा देत राहिली, आणि मंगत्झच्या वाटेवरून खेचरांच्या घंटा वाजत गेल्या की हातातलं काम थांबवून त्या मोजतही राहिली.

छुनी लग्नाची झाली त्या सुमारास बादशाही हुकूम निघाला. अफू बंद. आधी कोणी मनावर घेतलं नाही, असे हुकूम पूर्वीही निघाले होते. पण या खेपेला शिपाई आले आणि फुलावर आलेली शेतं काठ्यांनी झोडून काढली. देवळापुढे नळ्यांचा ढीग पेटवला, वाट्या हातोड्याने फोडल्या. कुंभारवाडीच्या भट्ट्या थंड पडल्या. मोठमोठे कारागीर, ज्यांनी आयुष्यात दुसरं काही केलं नव्हतं, दारात बसून राहिले. वेनयावला एके काळी 'कोंबडीवाला' म्हणून हसणारे शेजारी एकेक करून अंगणात आले. आधी नुसतेच बसायचे. मग एकाने विचारलं, "ही मधली नळी तू कशी उभी करतोस रे? माझी कलते."

वेनयावने त्याला चाकावर बसवलं. त्या वर्षी तान घराच्या अंगणात बसायला जागा नसायची. काकू आता थकल्या होत्या, पण खाटेवरून सूचना चालूच. "एवढ्या जणांना शिकवतोस, तर कोंबड्या पण महाग होतील!" वाडीतल्या एका बाईने एक दिवस भाजीची टोपली आणून रुइलानपुढे ठेवली. तिचा नवरा अफू सुटताना महिनाभर वेनयावच्या माजघरात पडून होता आणि वेनयावने त्याचं सगळं केलं होतं. ती रुइलानचे हात धरून काही बोलू लागली, आणि रुइलानला इतकं अवघडल्यासारखं झालं की ती म्हणाली, "अगं, खेचर बुजेल!" बाई चमकून तिच्याकडे पाहत राहिली. आत वेनयाव मोठ्याने हसला.

मा रुलिन गेल्याचं कळलं ते बऱ्याच उशिरा, दुसऱ्याच कोणा तांडेवाल्याकडून. आगगाडी आल्यापासून त्याने तांडा मोडला होता, खेचरं विकली होती. रुइलानने ऐकलं आणि शेगडीवरचा टोफू उतरवून ठेवला. वेनयावच्या गुडघ्यांना एवढं चालणं सोसत नव्हतं. "मी जाऊन येते," ती म्हणाली. नको म्हणायचं त्याच्या मनातही आलं नाही.

दोन दिवस चालून ती तोंगहाय तळ्याकाठच्या त्या खेड्यात पोचली. पाण्यावर बदकं होती, मशिदीपुढे कांद्यांच्या माळा वाळत घातल्या होत्या. रुलिनची बायको हलिमा अंगणात सुपात शेंगा निवडत होती. डोक्याला पांढरं फडकं, नजर करारी. रुइलानने आपलं नाव सांगितलं.

"लिनआनची टोफूवाली?" हलिमा म्हणाली.

"हो."

"तुमच्या नवऱ्याने घोरून घोरून तांड्याची झोप उडवली होती."

रुइलानला हसावं की रडावं कळेना. ती खाली बसली. मग तिने सांगायला सुरुवात केली. ओढ्यातली आंघोळ, अड्ड्याबाहेरच्या शेंगा, दोरखंड, सगळं. हलिमा ऐकत राहिली. तिला यातलं निम्मंही माहीत नव्हतं.

"घरी थट्टेचं तेवढं सांगायचे, हे कधी बोलले नाहीत," ती म्हणाली. "मला एवढंच कळलं, की त्या वर्षी मंगत्झची खेप सोडली आणि मीठ आणलं. त्या हिवाळ्यात आम्ही मका खाऊन काढला. मी भांडले. महिनाभर बोलले नाही त्यांच्याशी."

"मला क्षमा करा, ताई."

"तुम्ही कशाला?" हलिमाने शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "शेवटी शेवटी त्यांना झोप लागायची नाही. म्हणायचे, आयुष्यभर काय वाहिलं मी? त्याचा हिशेब कुठे देऊ? मी उठून पाणी द्यायची." ती रुइलानकडे वळली. "हे मला आधी माहीत असतं तर सांगता आलं असतं त्यांना. त्यांच्या पारड्यात हेही आहे म्हणून."

"मी आधी यायला हवं होतं."

"आता आलात ना? आता मुलांना सांगा. संध्याकाळी येतील सगळी. त्यांना वाटतं बाप नुसता गप्पिष्ट होता."

संध्याकाळी मुलं आली, सुना आल्या. रुइलान चुलीपाशी हलिमाच्या शेजारी बसून भाजी चिरत होती. थोरल्या मुलाने विचारलं, "काकू, बाबा सांगायचे ते खेचरावर बांधलेले कुंभार तुमचेच का हो?"

"आमचेच," रुइलान म्हणाली, आणि सुरी खाली ठेवून नीट मांडी घालून बसली.